प्रेताचं काम करणारा गोवर्धन

गोवर्धन मागच्या चैत्रात गेला. खरोखर गेला. हे असं दोनदा सांगावं लागतं, याचाच मला राग येतो.

सकाळी मी गावाच्या ग्रुपवर लिहिलं, "आपला गोवर्धन वारला, दुपारी माती आहे," आणि खाली त्याचा फोटो टाकला. पहिलं उत्तर आलं ते आमच्याच गावच्या, पण अमरावतीला बंगला बांधलेल्या एका शहाण्याचं. "शकुनताई, ही जुनी फेक बातमी आहे. पुढे पाठवू नका." मागोमाग दुसऱ्यानं गोवर्धनचाच जुना फोटो टाकला, त्यावर लाल अक्षरांत आडवा शिक्का: खोटे. तिसऱ्यानं हसणारी तोंडं पाठवली. मातीला बोटावर मोजण्याइतकी माणसं आली. बाकीचे संध्याकाळी मनकर्णाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दारात येऊन मान खाली घालून उभे राहिले. मी एकालाही बस म्हटलं नाही.

म्हणून हे लिहायला बसले. जन्मभर अंगणवाडीचे रिपोर्ट लिहून माझी भाषा पुस्तकी झाली आहे. राग आला की घरची बोली येते, तेवढं सांभाळून घ्या राजेहो.

तो लाल शिक्का मारलेला फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पांढऱ्या कापडावर एक माणूस उताणा पडलेला आहे. हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी बांधलेली, नाकात कापूस, चेहरा राखेसारखा. शेजारी तोंडावर पदर घेऊन एक बाई ऊर बडवते आहे. ती बाई मी. आणि तो माणूस गोवर्धन, धडधाकट, सकाळी दोन भाकरी खाऊन आलेला.

आमचं गाव भातकुलीच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. गोवर्धन दिवाळीच्या आधी लोकांच्या घरांना चुना मारायचा, हंगामात कापसाच्या जिनिंगवर मजुरीला जायचा. त्या वर्षांत कपाशीला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता आणि पेपरात रोज कोणाच्या तरी जाण्याची बातमी असायची. तेव्हा एका संस्थेनं आम्हाला गोळा करून पथनाट्य बसवलं. माणसानं जीव देऊ नये, शेजाऱ्यानं वेळेवर विचारपूस करावी, असं ते नाटक. गोवर्धनला एक वाक्य धड पाठ व्हायचं नाही, म्हणून त्याला प्रेताचं काम दिलं. शेवटी फक्त उठून बसायचं आणि म्हणायचं, "उठलो मी. आता मले घरी जाऊ द्या." तालमीत तेही तो विसरायचा. मी पदराआडून त्याला सांगायची.

पण मरायचा मात्र असा की काय सांगू. छाती हलायची नाही. पापणीवर माशी बसून चालत जायची तरी पापणी लवायची नाही. एका बाजारात एक म्हातारी गर्दीतून आली आणि तिनं कमरेच्या पिशवीतून तुळशीचं पान काढून त्याच्या ओठांवर ठेवलं. मी रडायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिले. क्षणभर मलाही वाटलं, हा उठायचा नाही.

भातकुलीच्या बाजारात खेळ झाला त्या दिवशी तो थेट चुन्याच्या कामावरून आला होता. भुवया पांढऱ्या, चेहरा पांढरा. मी म्हटलं, "गोवर्धनभाऊ, तोंड तरी धुवून घ्या." तो म्हणाला, "राहू द्या शकुनबाई, फुकटचा मेकप हाये." गुलाम नबी, तिथले फोटो स्टुडिओवाले, संस्थेच्या अहवालासाठी फोटो काढायला आले होते. त्यांनी काढलेला तो फोटो.

खेळ पुढं बंद पडले. संस्था कुठं गेली कोणास ठाऊक. गुलाम नबीही अल्लाला प्यारे झाले आणि दुकान त्यांचा मुलगा मोईज सांभाळू लागला. मग घरोघरी मोठ्या काचेचे मोबाईल आले आणि एका दुपारी माझ्या मोबाईलवर गोवर्धन मेला.

खाली नाव होतं बाळापूरकडच्या कोणा शेतकऱ्याचं. आम्ही पोट धरून हसलो. "आयुष्य वाढलं तुमचं," म्हणून मनकर्णानं चहा केला. दुसऱ्यांदा आला तेव्हा नाव वेगळं, गाव वेगळं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. मोईजनं चौकशी केली तेव्हा कळलं की त्यातली काही माणसं खरंच गेलेली होती. त्यांचा फोटो कोणाकडं नव्हता. फोटो नसलेली बातमी कोणी पुढं पाठवत नाही, म्हणून कोणीतरी गोवर्धनचा चेहरा लावून दिला होता.

मोईजला असले निरोप तपासायचा नाद. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो तेच करायचा. वडिलांच्या पेटीतून त्यानं मूळ फोटो शोधून काढला. त्यात डाव्या बाजूला डफवाला उभा आहे, मागं भज्यांची गाडी आहे, आणि माझ्या चपलांजवळ एक पोट्टं चिवडा खात हसतं आहे. फिरत होता तो कापलेला. "आपा, हसणारे सगळे कापून टाकले, रडणारे ठेवले," मोईज मला म्हणाला. त्यानं कापलेल्या फोटोवर लाल शिक्का मारला, शेजारी पूर्ण फोटो लावला, आणि सगळीकडे पाठवला. काही दिवसांनी तोही परत आला, शिक्क्याचा भाग काढून पूर्ण फोटो तेवढा ठेवलेला. खाली नवीन मजकूर: पाहा, शेतकरी मरत नाहीत, मरायचं नाटक करतात. मोईज दुकानाचं शटर ओढून घरी निघून गेला.

गोवर्धन मात्र हसायचा बंद झाला. आधी त्यानं उताणं झोपणं सोडलं. मनकर्णा सांगायची, कुशीवर झोपतात, नाहीतर भिंतीला टेकून बसूनच झोपतात. आरशात बघून दाढी करायचा नाही. मी एकदा टोकलं, "येवढं काय घेऊन बसले भाऊ? कागदावरचं मरण ते."

तो म्हणाला, "शकुनबाई, दर वेळेस कोनाच्या तरी घरी लोक माह्या तोंडाकडे पाहून रडते. येवढे लोक रडले का मानसाचं काही उरत असन का?"

मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

मग त्यानं ठरवलं की जिथं जिथं आपण मेलो तिथं जाऊन उभं राहायचं. मोईजकडून पूर्ण फोटोची मोठी प्रत घेतली, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, आणि मला म्हणाला, "तुमी चाला. रडनारी पायजे साक्षीले." दोन-तीन गावांत आम्ही गेलो. कुठं हसले, कुठं जेवू घातलं, एका ठिकाणी शिव्या खाल्ल्या. तरी परतताना तो बसमध्ये थोडा मोकळा दिसायचा.

नोटबंदीच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, मोईजनं सांगितलं की पातूरच्या पलीकडच्या एका गावात हा फोटो सूर्यभान नावाच्या माणसाचा म्हणून गेला आहे. आणि हा सूर्यभान मेलेला असल्याचा कसलाच पत्ता लागत नाही. तो कामाच्या शोधात परमुलखात गेला होता, दोन सालं त्याची काही खबर नव्हती. फोटो आला आणि गावानं त्याला मेलेला धरलं. पोस्ट कोणी लिहिली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गोवर्धन म्हणाला, "म्हनजे तो जिवंत असू शकते."

"असू शकते," मोईज म्हणाला.

"आन् माह्या पायी त्याचं घर बंद झालं." एवढं बोलून गोवर्धन उठला. अंगावरच्या चुन्याच्या कपड्यांनिशी तो बसस्टँडला आला. मी त्याला पुन्हा म्हटलं, तोंड धुवा. या वेळी त्यानं धुतलं, पण भुवयांतला चुना काही निघाला नाही.

अकोल्याला बस बदलली, पातूरला बदलली. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन तापलेलं होतं. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, पण शेतात माणूस नाही. गावात शिरलो. पाराजवळ काही म्हातारे बसले होते. आम्हाला पाहून ते उठले. उठले, एवढंच. कोणी राम राम केला नाही, कोणतं गाव म्हणून विचारलं नाही. एक कुत्रं आमच्याकडे आलं, थांबलं आणि न भुंकता मागं सरकत गेलं. ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या बाईनं सूप तिथंच टाकलं, लेकराला काखेत मारलं आणि दार लावून घेतलं. मग पुढचं दार लागलं. मग त्याच्या पुढचं. कड्या लागल्याचे आवाज आमच्या पुढंपुढं जात होते.

"यायले काय झालं?" मी हळूच म्हटलं. गोवर्धन चालत राहिला. मागं वळून पाहिलं तर पारावरचे म्हातारे लांब अंतर ठेवून आमच्या मागं येत होते आणि आमच्या पायांकडे बघत होते. पाय उलटे आहेत का ते. भुताचे पाय उलटे असतात, हे आमच्याकडे लेकरांनाही माहीत असतं.

सूर्यभानचं घर विचारावं लागलं नाही. एकच दार उघडं होतं. आत समोरच्या भिंतीवर गोवर्धन होता. कापलेला, मोठा करून चौकटीत घातलेला, हार घातलेला, कपाळाच्या जागी कुंकू लावलेला. फोटोखाली एक बाई बसली होती, कपाळ मोकळं, हात मोकळे. ही माणिकबाई, सूर्यभानची बायको. तिनं फोटोकडे पाहिलं, मग गोवर्धनकडे, मग पुन्हा फोटोकडे. गोवर्धन दारातच थिजला. भिंतीवरचा तो आणि दारातला तो एकमेकांना बघत राहिले.

मागून एक आवाज आला. "पुन्हा काहून आला तू?"

हा बुधाजी, सूर्यभानचा चुलता. हातात काठी, पण जवळ येईना. "तुले जाळलं, तुहा पिंड ठेवला, जेवू घातलं. आता काय मांगतं बाप्पा तू?"

मी पुढं झाले. म्हटलं, हे सूर्यभान नाहीत, हे भातकुलीकडचे गोवर्धन, आणि आम्ही या गावात आयुष्यात पहिल्यांदा येऊन राहिलो. कोणी ऐकून घेईना. मग तुकड्यातुकड्यांनी जे बाहेर आलं ते असं.

फोटो मोबाईलवर आला तेव्हा पट्टी, कापूस आणि राखेसारख्या चेहऱ्याआड अंगलट सूर्यभानचीच दिसली, खाली नावही त्याचंच, म्हणून कोणी शंका घेतली नाही. मयत नव्हतं, म्हणून गावानं रीतीप्रमाणं पळसाच्या पानांचा पुतळा केला. पुतळ्याला तोंड पाहिजे म्हणून पातूरच्या दुकानातून हा फोटो रंगीत काढून आणला, पुतळ्याच्या तोंडावर बसवला आणि जाळला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेना. बुधाजीनं हात जोडून कबूल केलं की माणिकबाईला अंतर देणार नाही, तरी उतरेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मोकळे झाले. अख्ख्या गावात तपास केला तो त्या कावळ्यांनी, आणि त्यांचंच कोणी ऐकलं नाही.

तेव्हापासून गावात धास्ती बसली. कावळा शिवला नाही म्हणजे सूर्यभान अडकला, म्हणजे तो येणार. "आन् आलाच ना तू," बुधाजी म्हणाला. "पोयाच्या आधी. सांज झालती, लाइन गेलती. हिरीजवयच्या पिंपयाखाली उभा होता. आमी गोवऱ्या पेटवून फेकल्या, गोटे मारले, तवा गेला. आता दिवसाढवळ्या आला."

मी गोवर्धनकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. पोळ्याच्या सुमारास आम्ही दोघंही आमच्या गावातून हललो नव्हतो.

गोवर्धननं पिशवीतून पूर्ण फोटो काढला. "पाहा. हा डफवाला, हे भज्यांची गाडी. नाटक होतं. हा मी." म्हाताऱ्यांनी लांबूनच मान वळवली. एक तरुण पुढं आला, फोटोकडे बघून म्हणाला, "मोबाईलवर कोनताही फोटो बनते आजकाल." कापलेल्या फोटोला हार घातला त्यांनी, आणि पूर्ण फोटोवर संशय. माझं डोकं असं फिरलं, की तिथं दोघांचौघांना कानाखाली द्यावी असं वाटलं.

गोवर्धन शांतपणे म्हणाला, "शकुनबाई, पदर घ्या."

मला आधी समजलं नाही. त्यानं खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला, अंगणात अंथरला आणि त्यावर आडवा झाला. उताणा. कितीतरी वर्षांनी मी त्याला उताणं पाहिलं. रुमालानं त्यानं स्वतःची हनुवटी बांधली, हात सरळ केले, डोळे मिटले. छाती थांबली. ऊन त्याच्या पांढऱ्या भुवयांवर पडलं होतं. अंगणाबाहेरच्या सगळ्या माणसांचा श्वास मला ऐकू आला आणि त्याचा एकट्याचा येईना.

मी पदर तोंडावर घेतला आणि बसले. खेळातलं रडणं मला येईल की नाही शंका होती. पण ऊर बडवायला हात उचलला आणि खरंच रडू फुटलं. कोणासाठी, ते आजही सांगता येत नाही. पदराआडून मला दिसलं, माणिकबाई दारात येऊन उभी होती. एकदा भिंतीकडे बघत होती, एकदा आमच्याकडे. तोच माणूस, तीच बाई, तोच पदर. एक माशी गोवर्धनच्या पापणीवर बसली आणि चालू लागली. पापणी लवली नाही. तो फार वेळ पडून राहिला, खेळात राहायचा त्याच्यापेक्षा फार. मी घाबरले. पदराआडून म्हटलं, "भाऊ, उठा आता." तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, "उठा ना भाऊ, वाक्य आहे तुमचं."

तेव्हा तो उठून बसला. हनुवटीचा रुमाल सोडला, लोकांकडे बघितलं, आणि आपलं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा न अडखळता बोलला, "उठलो मी. आता मले घरी जाऊ द्या."

बुधाजीच्या हातातली काठी पडली. तो जिथं होता तिथंच मातीत बसला. कोणीतरी पाणी आणायला धावलं, त्यानं ते बाजूला सारलं.

"त्यानंही हेच म्हटलं होतं," तो म्हणाला. "पिंपयाखाली. काका, मी सूर्यभान, मले घरी जाऊ द्या. मले काका म्हनला तो. पयला गोटा म्याच मारला."

बंद दारांपैकी एक उघडलं आणि एक बाई बाहेर येऊन आपल्या ओट्यावर बसली, मग दुसरी. माणिकबाई मात्र रडली नाही. ती माझ्याजवळ आली आणि साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं, म्हणाली, "बाई, मी आवाज वयखला होता. घरात बसून कडी लावली मी. आवाजावर इसवास नाही ठेवला, फोटोवर ठेवला."

मग ती आत गेली, स्टुलावर चढली, आणि भिंतीवरची चौकट उतरवली. हार काढला, पदरानं कुंकू पुसलं, आणि गोवर्धनच्या हातात देऊन म्हणाली, "भाऊ, हे तुमचं. घेऊन जा." परतीच्या बसमध्ये तो ती चौकट पालथी मांडीवर घेऊन बसला होता. घरी गेल्यावर, मनकर्णा सांगते, तो अंथरुणावर उताणा झोपला आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत उठला नाही. ती दोनदा नाकाशी हात लावून आली.

त्यानंतर आपल्या मरणाच्या बातम्यांकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. फोटो पुढंही यायचा, तो म्हणायचा, "मरू द्या." पण दर बाजाराला, दर जत्रेला, जिनिंगवर परमुलखातून आलेल्या दर मजुराला तो विचारायचा, सूर्यभान नावाचा माणूस पाहिला का, पातूरकडचा, माझ्याच अंगलटीचा. मोईजनंही निरोप लिहून सगळीकडे पाठवला. फार लांब गेला नाही तो. फोटो नव्हता ना त्याच्यावर. गोवर्धन शेवटच्या आजारात मनकर्णाला दोनदा म्हणाला की पातूरकडून कोणी आलं तर मला उठव.

म्हणून आता तुम्हाला सांगते. गोवर्धन गेला, हे खरं आहे, मी स्वतः त्याच्या डोक्याशी बसले होते, आणि दहाव्याला पान ठेवल्या ठेवल्या कावळा उतरला. आणि सूर्यभान तुम्हाला कुठं भेटला, वीटभट्टीवर, स्टेशनवर, कोणाच्या शेतात, तर त्याला सांगा की माणिकबाई दाराला कडी लावत नाही, आणि बुधाजी रोज सांज झाली की त्या पिंपळाखाली जाऊन बसतो. त्याला ओळखायचं कसं, ते मात्र मला सांगता येणार नाही. त्याचा फोटो नाही आमच्याकडे. फोटो त्याचा कधी नव्हताच.